खिशातलं कटआऊट

बुधवार, ११ ऑगस्ट १९७१. मुक्काम शेंडी, भंडारदरा धरणाजवळ, तालुका अकोले. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी एक.

हजर मंडळी : मी स्वतः. माझी मुलगी शोभा, बाळंतीण. तिची एकोणीस दिवसांची मुलगी, जिचं बारसं अशक्तपणामुळे पुढे ढकललेलं. शोभाच्या सासूबाई, बेलापूरहून नातीला बघायला आलेल्या. आणि साडेअकरानंतर सदाशिव, माझ्या यजमानांचा जुना भागीदार, त्यांना दादा म्हणणारा.

हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं कोण कुठे होतं यावर अवलंबून आहे.

तुमच्या मासिकातलं हे गूढ अनुभवांचं सदर मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. रात्री जेवणं झाली की मी एकेक अनुभव मोठ्याने वाचायची आणि आमचे हे सुपारी कातरत त्यातल्या चुका काढायचे. "दार आतून बंद होतं म्हणतो, मग मांजर कुठून आलं?" असं. आमच्या घरात भूत कधी दुसऱ्या पानापर्यंत टिकलं नाही. मी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका, वय सत्तेचाळीस. महिन्याची कामं यादी करून करते, एकेक झालं की पुढे बरोबरची खूण करते. अशा बाईने या सदरात लिहावं... असो. दोन वर्षं वाट पाहिली, उलगडा होईल म्हणून. झाला नाही. आता तुम्ही चुका काढा.

हे, म्हणजे माझे यजमान, वायरमन होते. अकोले तालुक्यात गावोगाव वीज येत गेली तसतशी निम्म्या घरांची फिटिंग यांनी आणि सदाशिवने केली. १९६७ साली हे पंखे आणायला म्हणून नगरला गेले आणि ट्रकमधून एक पांढरं धूड घेऊन आले. एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत चालला होता, त्याच्या घरातलं कपडे वाळवायचं मशीन. समोर गोल दार, आत फिरणारा पत्र्याचा पिंप, मागे हीटर. गावात बातमी पसरली की मास्तरीणबाईंकडे कपड्यांची गिरणी आली. दोन दिवस लोक दळण विचारायला यावेत तसे बघायला येत होते.

मी विचारलं, "हे काय करायचंय आपल्याला?"

"अख्ख्या जिल्ह्यात या मशीनची खरी गरज असलेलं एकच गाव आहे," हे म्हणाले, "आणि त्या गावात आपण राहतो."

ते खरंच होतं. नगरकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. आमच्याकडे आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत, नुसते शिळे होतात. मशीनची मोटर निम्म्या व्होल्टची होती, तिच्यासाठी यांनी वेगळा ट्रान्सफॉर्मर करून बसवला. हीटरच्या दोन कॉईलपैकी एकच जोडली, नाहीतर मशीन लावलं की आळीतले दिवे मिणमिणले असते. अर्थिंगसाठी मागे अंगणात खड्डा घेतला. मशीनसाठी मागच्या पडवीत स्वतंत्र बोर्ड लावला, त्यावर दोन कटआऊटं, आणि बटण खाली हाताशी. कटआऊट म्हणजे फ्यूजची तार असलेली चिनी मातीची पांढरी खुंटी. एक फेजचं, म्हणजे वीज येते त्या वायरीचं, आणि एक न्यूट्रलचं, परतीच्या वायरीचं. बोर्ड मात्र लावला स्वतःच्या उंचीने. हे सहा फुटी. आम्हा बाकीच्यांना, सदाशिवलासुद्धा, तिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही.

यांची काम करायची एक ठरलेली पद्धत होती. कुठेही हात घालायच्या आधी कटआऊट काढायचं, रुमालात गुंडाळून एक गाठ मारायची आणि कोटाच्या डाव्या खिशात टाकायचं. "खिशात आहे तोवर कुणाचा बाप चालू करू शकत नाही," असं म्हणायचे. शोभाच्या लग्नात संध्याकाळी मांडवातला एक दिवा लुकलुकायला लागला. यांनी मेनचं कटआऊट काढलं, खिशात टाकलं, दिवा नीट केला... आणि काही पाहुण्यांना निरोप द्यायला स्टँडपर्यंत निघून गेले. पंगत अंधारात. विहीणबाईंच्या पानात वाढलेली जिलबी त्यांनी चाचपडत शोधली, हे त्यांनी पुढे शंभर जणांना सांगितलं असेल.

ते लग्न १९६९ चं. पुढच्याच जानेवारीत हे गेले. छातीत कळ आली म्हणाले, आणि अकोल्याला पोचेपर्यंत सगळं संपलं.

लग्नातला तो करडा कोट माजघराच्या दारामागे खुंटीवर राहिला. फेब्रुवारीच्या यादीत मी लिहिलं, "यांचा कोट धुवून सदाशिवला देणे." मार्चच्या यादीतही तेच लिहिलं. माझ्या यादीतलं काम सहसा दुसऱ्या महिन्यात जात नाही. हे जात राहिलं.

आता त्या ऑगस्टबद्दल. शोभाचं पहिलं बाळंतपण, मुलगी महिनाभर आधी आलेली, मुठीएवढी. नर्सबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. ओल नको आणि धूर नको. दुसऱ्या कुठल्या गावात ही सोपी गोष्ट असेल. आमच्याकडे नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी पाऊस तीन आठवडे खंड न पाडता चाललेला. दिवसाला वीस-बावीस दुपटी आणि लंगोट. मशीन होतं म्हणून निभावत होतं. रविवारी मशीनचा पिंप फिरत राहिला, पण हवा गार यायला लागली. त्याच संध्याकाळी वाऱ्याने खांबावरून घरात येणारी वायरही तुटली.

मंगळवारी दिवेलागणीला सदाशिवने भर पावसात ती जोडून दिली. दिवे आले. तो ओलाचिंब, हुडहुडत म्हणाला, "वहिनी, अंधारात जोडलंय. सकाळी येऊन एकदा तपासून जातो. तवर त्या मशीनला हात लावू नका." आणि आमचा टेस्टर चुकून खिशात घालून घरी गेला.

दोन दिवस विहीणबाई निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवत होत्या. दुपटी वाळत, पण त्यांना धुराचा वास राही, आणि बुधवारी पहाटेपासून बाळ खोकायला लागलं. एवढासा जीव, खोकला आला की निळसर पडायचा. शोभा रडायला लागली.

विहीणबाईही धास्तावलेल्या होत्या, पण त्यांची भीती तोंडातून टोमणा होऊन बाहेर येते. "आमच्या बेलापुरात असली भानगड न्हाई बघा. दोरीवर टाकलं की तासाभरात कडक. ऊन फुकट मिळतं आमच्याकडं, त्याला बटन लागत न्हाई."

"मग थोडं पिशवीत घालून आणायचं होतं," मी म्हटलं.

"आनलं असतं, पर तुमच्या या गावात पिशवीबी भिजली असती!"

साडेदहाला कोरडी दुपटी राहिली दोन. सदाशिवचा पत्ता नव्हता. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला होता, हात मोकळे होते, आणि मशीन कसं तपासायचं हे यांनी सांगून मी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवलेलं होतं. बारा कलमं. मी वही घेऊन पडवीत गेले.

आधी मशीन चालू करून पाहिलं. पिंप फिरला, हवा गार. म्हणजे वीज येत होती, दोन्ही कटआऊटं जागेवर होती. हे लक्षात ठेवा. मग कलम एक, बटण बंद. खूण. कलम दोन, स्टुलावर चढून फेजचं कटआऊट काढणे व स्वतःजवळ ठेवणे. काढलं, कमरेला खोचलं. शेजारचं न्यूट्रलचं तिथेच होतं, माझ्या बोटांना लागलं. ते कुणी काढत नाही, कारण त्यात वीज नसतेच. खूण.

कलम तीन, टेस्टर लावून बघणे.

टेस्टर सदाशिवच्या खिशात. मी क्षणभर थांबले. म्हटलं, बटण बंद, कटआऊट माझ्या कमरेला, टेस्टर आणखी काय वेगळं सांगणार? आणि मी खूण केली. सव्वीस वर्षं मुलांना शिकवतेय, न केलेल्या कामापुढे खूण करू नये. ती खूण अजून वहीत आहे. मी खोडलेली नाही.

मग स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं, कारण पक्कड माळ्यावर होती. तिथे दूध उतू चाललं होतं, ते उतरवलं. विहीणबाई न्हाणीत पाटावर बसून बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या, त्यांना आधणाचं पाणी काढून दिलं. शोभा माजघरात पडली होती. एकूण दहा मिनिटं गेली. स्टूल स्वयंपाकघरातच राहिलं.

पडवीत परत आले, मशीनचं मागचं झाकण काढलं आणि कामाला लागले. पागोळ्यांचं पाणी आत येऊन फरशी ओली, मी अनवाणी, हातही ओलेच. मशीनच्या दाराचं बटण ठीक. कॉईल तुटलेली नव्हती. दोष सापडला तो हीटरच्या टोकाला. तिथली वायर जळून काळी पडून सुटली होती. मी दोन्ही टोकं उघड्या बोटांनी धरली, वायर कापली, खरवडली, नवीन टोक काढून स्क्रूखाली आवळलं. वीस मिनिटांचं काम. स्वतःवर खूश होते.

झाकण लावलं, स्टूल आणलं, फेजचं कटआऊट बसवलं, बटण दाबलं.

काही नाही. पिंपसुद्धा फिरेना. मघाशी निदान तो तरी फिरत होता.

मी पुन्हा वर चढले आणि पाहिलं. न्यूट्रलची जागा रिकामी होती. कटआऊट तिथे नव्हतंच.

आधी फरशीवर शोधलं, मग मशीनखाली, मग बादलीत. मग चौकशी सुरू केली. शोभा म्हणाली, "मी उठलेच नाही आई. तूच आली होतीस ना मघाशी खोलीत?"

"मी? नाही."

"आलीस की. डोळे मिटलेले होते माझे, पण दारामागे काहीतरी वाजलं. जाताना माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलंस."

मी म्हटलं, "झोपेत असशील."

विहीणबाई बाळाला मऊ धडुत्यात गुंडाळून बाहेर आल्या. "काय हरवलं?"

"कटआऊट. पांढरं, चिनी मातीचं."

त्यांना हसूच फुटलं. "मग कोटाच्या खिशात बघा की इहीनबाई! आमच्या इवायांची कटआऊटं दुसरीकडं कुठं जात्यात? मला आंधारात जेवू घातलं त्यांनी!"

मीही हसले. हसत हसतच माजघरात गेले, दार ओढलं आणि कोटाच्या डाव्या खिशात हात घातला. हात घातला तो त्यांच्या शब्दाला मान म्हणून, बाकी काही नाही.

हाताला रुमाल लागला. चौकटीचा, यांचा. एक गाठ मारलेला. मी तो तिथेच दारामागे उभी राहून सोडला. आत कटआऊट होतं.

विहीणबाईंचं हसू हळूहळू मावळलं. "आवं, मी थट्टा केली हुती," त्या म्हणाल्या. "बाळाची शपथ, मी थट्टा केली." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत तेल. रुमाल कोरडा होता, चिनी मातीवर एक डाग नव्हता.

तेवढ्यात सदाशिव आला. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात टेस्टर. "वहिनी, मशीनला हात न्हाई ना लावला?"

मी सगळं सांगितलं, क्रमाने, वेळांसकट. कुठलं कटआऊट हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने स्टूल ओढलं, बटण बंद केलं, वर चढला आणि न्यूट्रलच्या रिकाम्या जागेत टेस्टर टेकवला.

टेस्टर पेटला. लाल, लख्ख.

न्यूट्रलमध्ये वीज नसते. पण आदल्या संध्याकाळी पावसात, अंधारात, सदाशिवने खांबावरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. दोन्ही जुन्या, दोन्ही काळ्या. दिवे लागतात, पिंप फिरतो, काही कळत नाही. फक्त बटण आणि फेजचं कटआऊट ज्या बाजूला होती ती बाजू आता रिकामी झाली होती, आणि न्यूट्रलच्या बाजूने वीज थेट मशीनमध्ये येत होती. बटण बंद असताना. माझ्या कमरेला कटआऊट असताना. मी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिथेच बोटं घातली होती... आणि मी वाचले, कारण कुणीतरी त्या दहा मिनिटांत नेमकं ते कटआऊट काढलं होतं, जे कुणीच कधी काढत नाही.

सदाशिव स्टुलावरून उतरला आणि ओल्या फरशीवर तसाच बसला. "वहिनी, मी मारलं असतं तुमास्नी. माज्या हातानं."

"मी टेस्टर न लावता खूण केली," मी म्हटलं. "निम्मी चूक माझी."

"दादांनी रातभर माजी चूक बघितली असंल," तो म्हणाला. "कामात म्हागं उभं ऱ्हायचे तसं. बोलायचे न्हाईत, नुसतं कटआऊट काडून खिशात टाकायचे. मग मला कळायचं, आपलं कायतरी चुकलंय."

मग आत बाळ खोकलं आणि सगळ्यांना आपापलं काम आठवलं. सदाशिवने खांबावर जाऊन वायरी सुलट केल्या, या वेळी फेजला खुणेचा दोरा बांधून, यांच्या पद्धतीने. बोर्ड तपासला, मशीन तपासलं, एकेका टोकाला टेस्टर लावला. मी वही धरून उभी होते. एकला पाच मिनिटं कमी असताना बटण दाबलं. पिंप फिरला आणि हळूहळू गरम हवा यायला लागली.

पहिलं दुपटं बाहेर निघालं ते विहीणबाईंनी माझ्या हातातून घेतलं. गालाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. "उन्हाचा वास न्हाई याला," त्या म्हणाल्या. "पर ऊब हाय. लई ऊब हाय." मग त्यांनी नातीला त्यात गुंडाळलं आणि शेगडी स्वतः उचलून अंगणातल्या पावसात नेऊन ठेवली. दोन दिवसांत खोकला गेला. पुढच्या आठवड्यात बारसं केलं. नात आता दोन वर्षांची आहे, मशीनच्या गोल दाराला तोंड लावून हाका मारते.

मी त्या बुधवारीच संध्याकाळी कागद घेऊन बसले. कुणी काढलं असेल? मी स्वतः काढून विसरले असेन, हे पहिलं. पण मला त्या वेळी न्यूट्रलमध्ये वीज आहे हे माहीतच नव्हतं, मग मी ते का काढावं? आणि काढलं असतं तर यांच्या रुमालाला गाठ मारत बसले असते का? तरी हे मी खोडलेलं नाही, फक्त पुढे प्रश्नचिन्ह केलं आहे. विहीणबाई पाटावर, पायांवर बाळ, हात तेलाचे, उंची पाच फुटांच्या आत. शोभा खाटेवर, टाके ओले. सदाशिव आदल्या दिवशी काढून गेला म्हणावं, तर साडेदहाला मशीन चाललं कसं? बाहेरून कुणी यावं तर पडवीचं दार आतून कडी घातलेलं. हे असते तर म्हणाले असते, मग मांजर कुठून आलं?

आणि त्या दहा मिनिटांत स्टूल स्वयंपाकघरात होतं, माझ्याजवळ. बोर्डापर्यंत स्टुलाशिवाय हात पोचणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

याच्या पुढे मला जाता येत नाही. मी अजूनही भूतबित मानत नाही. पिंपळाखालून खुशाल जाते. मला एवढंच म्हणायचं आहे की माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमच्या कुणाकडे असेल तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. टेस्टर आता पडवीतच खिळ्याला बांधून ठेवला आहे.

एक राहिलं. त्या महिन्याच्या शेवटी मी मनाचा हिय्या करून सदाशिवला बोलावलं. म्हटलं, "यांचा कोट उद्या धुते. मशीनमध्ये पाऊण तासात वाळेल. संध्याकाळी घेऊन जा. तुला थंडीत होईल."

सदाशिव चपला घालत होता. त्याने खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नगं वहिनी," तो म्हणाला. "दादा अजून वापरत्यात त्यो."

ऑगस्ट १९७३ ची यादी समोर आहे. चौदा कामं. तेरा कामांपुढे खूण झाली. चौदावं, "यांचा कोट धुवून सदाशिवला देणे." बाकी.